तांब्याच्या तारेवरचं बारसं

२ जानेवारी, शुक्रवार
नव्या वर्षाचा संकल्प : चिडायचं नाही.
सकाळी दूध आणायला उतरलो तर जिन्यात सेक्रेटरी धनराजची नोटीस. सोसायटीतल्या सर्वांनी फायबर इंटरनेट घेतलेले आहे, एकच घर बाकी आहे, सदर सभासदाने सहकार्य करावे. सदर सभासद म्हणजे मी. नाव लिहायची छाती नाही, म्हणून सदर. संकल्प उद्यापासून.

फायबर म्हणजे शेवटी काय? काच. केसाएवढी काच. मी आठवीत शाळा सोडली, पण हिरावाडीत रेडिओ-टीव्ही दुरुस्त करण्यात जन्म घालवला. काच फुटते. तांबं वाकतं, तुटत नाही. या कॉलनीत पहिली केबल मी आणि धोंडीरामने गच्चीगच्चीवरून खेचली, तेव्हा हा धनराज चड्डी सावरत पतंगामागे पळत होता. धोंडीराम गेला. त्याचा संतोष आता केबलचा धंदा बघतो. मीही सोडलं तर त्या पोराने कुणाच्या तोंडाकडे बघायचं?

त्यात राजचा जर्मनीहून फोन. नातवाचं बारसं २५ तारखेला, रविवारी. नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणजे आमच्या भाग्यश्रीचा. पाळणा तिकडे, आत्या इकडे. ती सिन्नरहून येणार आणि आमच्या हॉलमधून व्हिडिओवर बाळाच्या कानात कुर्र करणार. राज म्हणतो, तुमच्या केबलवर व्हिडिओ अडकला तर पाहुण्यांसमोर शोभा होईल. फायबर घ्या, नाहीतर सूनबाईची तिथली एक मैत्रीण आत्या म्हणून उभी राहील.
भाड्याची आत्या. माझ्या नातवाला.
सांगितलं, केबल अपग्रेड होते आहे, तू पाळण्याचं बघ.

६ जानेवारी, मंगळवार
अपग्रेड झालं. संतोषने नवा मोडेम बसवला. चेहरा पडलेला होता. मध्येच म्हणाला, काका, एकदा फायबरचाही विचार करून बघा. धनराजनेच याला फितवलं असणार. मी त्याला त्याच्या बापाची आठवण करून दिली, चहा पाजला, पाठीवर हात ठेवून धीर दिला. खाली मान घालून स्क्रू आवळत बसला. भरून आलं असेल.

संध्याकाळी राजला व्हिडिओ लावला. आला, तोंड उघडलं, आणि तसाच राहिला. आम्ही दोघं नवरा-बायको बराच वेळ त्याचे दात बघत होतो. छाया म्हणाली, डावीकडची दाढ किडली आहे, त्याला सांगायला हवं. म्हणजे बघा, चित्र किती स्पष्ट होतं. फक्त हलत नव्हतं. तिकडे बर्फ पडतो, त्याचा परिणाम.

९ जानेवारी, शुक्रवार
भाग्यश्रीबरोबर रंगीत तालीम. तिने सिन्नरहून कुर्र केलं. ‘कु’ आला. ‘र्र’ यायच्या आत गॅसवरचा चहा उतू गेला. चार वेळा केलं, चारही वेळा तेच. मी म्हटलं, जरा दमाने कर, घाई करतेस. तर भडकली.
“बाबा, दादाला एकच बहीण आहे. माझ्या भाच्याचं नाव दुसरीच कुणी ठेवणार असेल, तर मी नाशिकला येतच नाही.”
पुढे तिने फोन ठेवला की लाइन गेली, कळलं नाही. लाइन गेली असावी असं धरून चालतो आहे.
छाया तेव्हापासून बोलत नाही. रात्री वरणाला फोडणी नव्हती. मीही विचारलं नाही. माणसाने ताठ राहावं.

११ जानेवारी, रविवार
गच्चीवरचे केबलचे सगळे जॉइंट उघडले, पॉलिश पेपरने घासले, परत आवळले. गुडघा गेला. खालून धनराज ओरडला, काका, पडाल. याला माझ्या पडण्याची फार घाई.
स्पीड थोडा आणखी कमी झाला आहे. होतं असं. जुलाबाचं औषध घेतल्यावर आधी पोट बिघडतंच.

छाया अचानक बोलायला लागली. गोड बोलली. म्हणाली, अहो, उद्या सिन्नरला जाऊन या, पोरीला तिळगूळ द्या, समजूत काढा, घाई करू नका, जेवूनच निघा. एवढी माया म्हणजे तिला तिची चूक कळली.

१२ जानेवारी, सोमवार
सिंहस्थ येतोय म्हणून जिकडे बघावं तिकडे रस्ता खोदलेला. एसटीत हाडं खिळखिळी झाली. कंडक्टरला बोललो, तर म्हणतो, आजोबा, रस्ता मी खणलाय का? उर्मट.
भाग्यश्री मात्र रागावलेली नव्हती. उलट मला बघून हसली, आणि हसतच राहिली. आईचा फोन आला तर तो घेऊन आतल्या खोलीत गेली. मग म्हणाली, बाबा, अजून एक पोळी घ्या, पुढची गाडी मिळेल.

संध्याकाळी घरी आलो आणि राजला व्हिडिओ लावला. काय सांगू. दाढीचा केस न् केस मोजावा. बाळ शिंकलं ते तिकडे आणि इकडे एकाच वेळी. मी छायाला म्हटलं, बघ, जॉइंट घासल्याचा गुण. सिमेंटसारखं असतं, जमून यायला एक दिवस जावा लागतो. ती हो म्हणाली. मोबाईलमध्ये वायफायचं नाव बदललेलं दिसलं. ती म्हणाली, अपग्रेडमध्ये बदलतं. बायकासुद्धा शिकायला लागल्या.

एक डोक्याला ताप : मी नसताना पाण्याच्या फिल्टरवाल्याने हिला गंडवलं. स्वयंपाकघरात मसाल्याच्या फळीवर पांढरा डबा ठोकून गेलाय. म्हणे फिल्टरचा स्टॅबिलायझर. खिडकीच्या चौकटीला भोक पाडून दोऱ्याएवढी काळी वायर आत घेतली आहे. डब्यावर हिरवे दिवे. पाण्याला दिवे कशाला लागतात? घरात एकटी बाई दिसली की हे लोक काहीही विकतात. फिल्टरवाल्याचा फोन नंबर संतोषला देणार होतो, म्हणजे तो त्याला झापेल. छाया म्हणाली, राहू द्या.

१५ जानेवारी, गुरुवार
संक्रांत काल झाली तरी पोरांचे पतंग चालूच. गच्चीवर गेलो. संतोषने माझी केबल काय झकास ताणली आहे. टाकीपासून कोपऱ्यातल्या लोखंडी पाइपापर्यंत, छातीएवढ्या उंचीवर, सरळ. छायाने त्यावर दोन ओल्या गोधड्या टाकल्या होत्या, तरी वाकली नाही. गोधड्याही वाळताहेत आणि इंटरनेटही चालू आहे. काचेच्या धाग्यावर एक रुमाल टाकून दाखवा म्हणावं.

दुपारी मांजाने खांबावरचं फायबर कापलं. अख्ख्या सोसायटीचं नेट बंद. काचेच्या मांजाने काचेची वायर कापली, आपलेच दात आणि आपलेच ओठ. हसणार होतो, तेवढ्यात आपलंही बंद पडलं. त्यांचं दुरुस्त झालं त्याच क्षणी आपलंही आलं. याचं कारण सरळ आहे. सगळ्यांचा भार एकट्या माझ्या केबलवर आला. त्यांच्या पापाचं ओझं मी का वाहायचं? धनराजला खडसावलं. तो म्हणाला, चुकलं काका. आणि वळून भिंतीकडे तोंड करून खोकला. ऐकून घेतो हल्ली. वचक बसला.

२० जानेवारी, मंगळवार
एक शोध लागला. छायाने फळी पुसायला फिल्टरचा तो डबा बंद केला की नेट जातं. चालू केला की येतं. तीनदा करून बघितलं. दोन्ही एकाच फेजवर आहेत, दुसरं काय. इलेक्ट्रिशियनने वायरिंगमध्ये चोरी केलेली आहे, हे मी आज उघडं पाडलं.
छायाला ताकीद दिली, रविवारी डब्याला हात लावायचा नाही. ती लगेच कबूल झाली. लग्नापासून पहिल्यांदा.

२५ जानेवारी, रविवार
विजय.
साडेचारला व्हिडिओ लागला. छायाने पाळणा म्हटला, एक शब्द तुटला नाही. भाग्यश्रीने पदर सावरला, मोबाईलपाशी ओठ नेले, सुनेने तिकडचा मोबाईल बाळाच्या कानाशी धरला. कुर्र. पूर्ण. ‘र्र’सकट. बाळाने मान वळवली आणि आत्याला शोधलं. शार्दूल. भाग्यश्री रडली, तिकडे राज रडला, मला हॉलमध्ये धूळ फार झाल्यासारखी वाटली.

घुगऱ्या वाटल्यावर मी दोन शब्द बोललो. सगळी सोसायटी जमलेली होती, संतोषही होता. म्हटलं, मंडळी, आज हे नाव तांब्यावरून गेलं आहे. ज्यांनी नोटिसा लावल्या त्यांनी ऐकावं. कुणाची मान वर झाली नाही, सगळे घुगऱ्यांत बघत होते. संतोषला ठसका लागला, भाग्यश्रीने पाणी दिलं. शरमेने मेले असतील. मी माफ केलं.
उद्या केबलला झेंडूची माळ घालणार. कृतज्ञता पाहिजे.

२६ जानेवारी, सोमवार
झेंडावंदन करून, माळ घेऊन गच्चीवर गेलो. मुख्य जॉइंटला घालायची म्हणून केबल हातात धरून टाकीमागे गेलो. टाकीमागे केबलला गाठ मारलेली आहे. गाठीपुढे वीतभर शेपूट. त्यापुढे काही नाही. उलट गेलो. पाइपालाही गाठ. तिथेही शेपूट.
मध्ये छायाचे चिमटे.

खाली आलो. फळीवरच्या डब्यावर कंपनीचं नाव आहे. फिल्टरच्या नाही. चष्मा लावून वाचलं.
संतोषला बोलावलं. आला आणि दारातच उभा राहिला. केबलवरचं इंटरनेट त्याने दिवाळीआधीच गुंडाळलं होतं. आता तोच फायबरची कनेक्शनं देतो, धंदा बरा चालला आहे. जुनी लाइन एकट्या माझ्यासाठी जिवंत ठेवली होती. मी सिन्नरला गेलो त्या दिवशी छायाने बोलावलं म्हणून येऊन डबा बसवून गेला.
म्हटलं, मला का नाही सांगितलंस?
“काका, ती लाइन तुम्ही आणि आमच्या बाबांनी टाकलेली. बंद केली असं तुम्हाला सांगायला तोंडच होईना.”

त्याला बोलायला चांगली चार वाक्यं तयार होती. चहा घेऊन जा म्हटलं.
छायाला विचारलं, आणि तुला तोंड नव्हतं का? ती म्हणाली, मला होतं. तुम्हाला कान नव्हते.
सोसायटीत हे सगळ्यांना माहीत होतं. धनराजलासुद्धा. कालच्या भाषणाच्या वेळीही.

२७ जानेवारी, मंगळवार
जिन्यातली नोटीस काढून टाकलेली आहे.
माळ फुकट जायला नको म्हणून अर्धी देवाला घातली, अर्धी मसाल्याच्या फळीवर ठेवली. डब्याला नाही. फळीवर. डबा तिथे आहे, त्याला मी काय करणार.
राजचा व्हिडिओ आला. शार्दूल हसतो म्हणे आता. बघितलं. हसतो.
छायाने मोठी गोधडी धुतली होती. म्हणाली, अहो, गच्चीवर वाळत घालून या. घातली.
तार जरासुद्धा वाकली नाही.