बोहल्यापर्यंतचं वजन

प्रिय कृतिका,

फोनच करणार होतो, पण तो आधी तुझी आई उचलते आणि हेमाताईपुढे माझं काही चालत नाही. म्हणून हा कागद. मी रागावलोय, हे आधीच सांगून टाकतो. लग्नात तुला बोहल्यापर्यंत मितेश उचलून नेणार, असं तुम्ही मायलेकींनी परस्पर ठरवलंत? तो माझा धाकटा भाऊ, जिमला जातो, सगळं कबूल. पण तुझा थोरला मामा अजून आहे ना गं!

लंगडतो, हेही कबूल. आळीतल्या शांताबाईच्या नातीच्या हळदीत बेंजो सुरू झाला आणि मी अनवाणी काँक्रीटवर नाचत सुटलो. सकाळी उजवी टाच टेकवेना. मग आपल्याकडे करतात तेच केलं. मामीकडून गरम तेलानं पाय रगडून घेतला आणि खाट धरली. बरं वाटलं की उठायचं, दुखलं की पुन्हा खाट. शेवटी मामीनंच मला डोंबिवलीला डॉक्टर निशिगंधांपुढे नेऊन बसवलं.

त्यांनी टाचेमागे गार जेल लावून सोनोग्राफी केली. मला वाटायचं, ती फक्त पोटाची करतात. टाचेमागे जाड दोरासारखी शीर असते ना, ती डाव्या पायाची पडद्यावर सरळ, पेंढ्याच्या काड्या नीट लावल्यासारखी दिसली. उजवी मधेच फुगलेली, काळपट, आत जादा रक्ताचे लाल ठिपके लुकलुकत होते. तुटलेली नाही, पण खराब झालीय, म्हणाल्या. आणि झोपून राहून आणखी कमजोर झालीय. तिला हळूहळू वजनाची सवय लावा. तेव्हापासून रोज पायरीवर उभा राहून टाचा वर-खाली करतो. पाठीवर सॅक, सॅकमध्ये तांदूळ. शेजारचा विठ्ठल विचारतो, काळूदादा, ट्रेकिंगला चालला काय? हसू दे त्याला.

परवा पुन्हा सोनोग्राफी झाली. ठिपके जवळजवळ गेलेत, फुगवटा तसाच. माझं तोंड उतरलं. डॉक्टर म्हणाल्या, चित्र सुधारायला वेळ लागतो, कधी पूर्ण सुधारतही नाही. न दुखता टाच किती पेलते, ते बघू.

तुझे बाबा गेले त्या दिवशी घरभर माणसं होती आणि तू माझ्या मानेला मिठी मारून बसलेलीस. झोप लागली तरी हात सुटेनात. तेव्हाच मनाशी ठरवलं, लग्नात हिला मीच नेणार. कुणाला बोललो नाही. आज तुला सांगतोय, कारण आता गप्प बसलो तर मितेश तुला नेईल आणि मी पंगतीत जिलेबी वाढत बसेन.

लग्नाला अजून वेळ आहे. डॉक्टरांनी परवा विचारलं, नेमकं किती वजन उचलायचंय? म्हटलं, भाचीलाच विचारून सांगतो. तेवढ्यासाठी हे पत्र. तुझं खरं वजन कळव, शालू-दागिने धरून. लाजून दोन किलो कमी सांगू नकोस. मला तेवढेच तांदूळ भरायचेत, आणि मधे कुठेही तुला खाली ठेवायचं नाहीये.

तुझाच,
थोरला मामा काळुराम