गाडी थंड ठेवली आहे

प्रिय भाऊ,

आज नांदगाव पेठची एक मुलगी माझी विकायला काढलेली मोटारसायकल बघायला येणार आहे. तूच मला विकलेली. म्हणून लिहायला बसले, नाहीतर तुझ्याशी आता बोलायचंच नाही असं ठरवलं होतं.

आठवतं, शाळा सुटली की मी अकोल्याच्या तुझ्या आवारात दप्तर टाकून विकायच्या जुन्या गाड्यांमधून फिरायची? ज्या वर्षी कापूस हातचा गेला, त्या वर्षी हप्ते थकले म्हणून फायनान्सवाल्यांनी ओढून आणलेल्या गाड्या तिथे मावायच्या नाहीत. तू माझा तळहात इंजिनवर ठेवायचास. "बेबी, पयले हात लाव. गरम लागलं त समज, मालकानं काईतरी लपोलं." गरम इंजिन दोष झाकतं, म्हणून गाडी थंडच सुरू करायची, आवाज ऐकायचा, धूर बघायचा. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवायचं. चासीचा नंबर आरसी बुकाशी ताडायचा. लांब पल्ल्याच्या गाडीला पुढे प्लॅस्टिकचं मोठं आवरण, फेअरिंग, असतं, ते नवंकोरं दिसलं की आधी खोलायला लावायचं. दुसरा कोणी विकणारा असता तर मी हे सगळं केलं असतं!

पण तू होतास. स्वतः गाडी चालवत चिखलदऱ्याला जायचं, त्याहून पुढे जायचं, एवढं एकच वेड होतं मला. अमरावतीहून मी गाडी घ्यायला आले तेव्हा इंजिन गरम होतं. हात लावला होता मी, भाऊ. "तुह्यासाठीच चक्कर मारून पायली," म्हणालास आणि मी हसले. सख्ख्या भावापुढे फेअरिंग कोण खोलायला लावतं?

परत जाताना मूर्तिजापूरच्या पुढे वेग घेतला आणि हँडल थरथरायला लागलं. घरी पोचून तुला फोन केला. "टायरातली हवा पाह्य. काहून भेऊन राहिली?" महिन्याभरात तुझ्या छातीत कळ आली आणि तू गेलास. तेरवीला मी बायकांना सांगत होते, लोक काहीही म्हणोत, माझ्या भावानं मला कधी फसवलं नाही.

त्यानंतर इथल्या मेकॅनिकनं फेअरिंग काढलं. हँडलच्या मागे सांगाडा तुटलेला, वेल्डिंग केलेला आणि वरून काळा रंग. तुझ्या ब्रशचे ते जाड फटकारे मी ओळखते, लहानपणापासून बघितलेत. "ताई, हा जोड सुटला असता त तुमी वाचल्या नसत्या," तो म्हणाला.

गिऱ्हाइकाला फसवलंस, समजू शकते. पण मला? मी मेले असते तर रडला असतास का रे? जिवंत असतास तर अकोल्याला येऊन चारचौघांत विचारलं असतं. तीही सोय ठेवली नाहीस!

काल आमचे हे म्हणाले, "मुलगी यायच्या आधी जराशी चालू करून ठेव, कोन पाहून राह्यलं?" आज सकाळी मी किल्ली घेऊन गाडीपाशी गेले. खरंच गेले. किल्ली लावलीसुद्धा. मग मला तुझा हात आठवला, माझ्या हातावरचा, आणि इतका राग आला की किल्ली काढून पदरात बांधली.

गाडी थंड आहे. फेअरिंग काढून ओट्यावर ठेवलं आहे. तुला शब्द देते, त्या मुलीला आधी इंजिनवर हात ठेवायला सांगेन, मग तो जोड दाखवेन. ती घेणार नाही. मग गाडी भंगारात देईन, रस्त्यावर जाऊ देणार नाही. हे सगळं कोणी शिकवलं असं तिनं विचारलं, तर तुझं नाव सांगेन. गाडी कोणी विकली विचारलं, तरी तेच सांगेन.

तुझीच,
बेबी