बाबा कुठल्या गाडीत

प्रिय दादा,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तुला भलतंच वाटेल, म्हणून आधीच सांगून टाकते, बाबा आहेत. आहेत एवढंच. तीन महिने झाले, तुझा फोन नाही. वहिनी कळवते की तू धड जेवत नाहीस, झोपत नाहीस, बाबांचा आवाज ऐकायची तुला हिंमत होत नाही. आणि इथे बाबा दर रविवारी सकाळी दाढी करून फोनजवळ बसतात. फोनवर दाढी दिसत नाही हे त्यांना कोण सांगणार! गेल्या महिन्यापासून त्यांना वस्तरा धरवत नाही, म्हणून दाढी मी करते. दुपारी मी ताट वाढलं की म्हणतात, "कामात असेल गं तो." झालं.

माझं ठीक चाललंय म्हणायचं. दिवसभर लोकांच्या कवळ्या घासून चकचकीत करते आणि घरी येऊन स्वतः दातओठ खाते. आमच्या ह्यांनी त्या प्रवासाबद्दल एक शब्द विचारलेला नाही, आणि त्याचीच मला धास्ती वाटते.

खरं सांगू, पहिले तीन दिवस किती छान गेले रे! तुझ्या पोरीला भूगोलात उष्ण कटिबंध होता, म्हणून तू आम्हा सगळ्यांना दोन भाड्याच्या गाड्यांत कोंबून तो दाखवायला निघालास. घामाने पाठीला शर्ट चिकटलेले, पाव दुसऱ्या दिवशी बुरसटलेला, वहिनीच्या पायाला जळू लागली तेव्हा तुझ्या किंकाळ्या तिच्यापेक्षा मोठ्या. बाबा रबराच्या झाडाखाली उभे राहून चीक ठिबकताना बघत होते. म्हणाले, "आयुष्यभर बंदरात क्रेनने याचे गठ्ठे उचलले, आज याची आई बघितली." तुझा पोरगा त्यांच्या पाठीपाठी. आणि तक्रारी तर किती! चहा पांचट, गादी मऊ, मी केलेली कवळी म्हणजे सुतारकाम. तेव्हा वैताग यायचा. आज ते मला एकदा सुतारीण म्हणाले तर मी पेढे वाटीन.

तिसऱ्या दुपारी त्या विश्रामगृहाच्या व्हरांड्यात आपलं वाजलं. मी म्हटलं, एक वर्ष तरी बाबांना घेऊन जा, मला जरा श्वास घेऊ दे. तू म्हणालास, अगं भुणभुण, घरात जिने आहेत, थंडी आहे, दोघं कामावर जातो, पुढच्या वर्षी बघू. सहा वर्षं मी तुझं 'पुढच्या वर्षी' ऐकतेय दादा. तू काही वाईट बोलला नाहीस. पण मी आत गेले तर बाबा पलंगावर बसून मोजे गुंडाळत होते, आणि त्यांच्यात आणि आपल्यात नुसता एक जाळीचा दरवाजा होता. त्यांनी ऐकलं. मला तुझा राग यायला हवा होता, आला तो त्यांचाच. असा राग येतो, काय करू?

पुढची सकाळ तुला तोंडपाठ असेल, कारण तू ती रोज उगाळतोयस. नदीवरची फेरीबोट, पत्र्याच्या शेडखालचा बाक, सगळ्यांच्या हातात अननसाच्या फोडी. तुझा पोरगा ओरडला, "आज आजोबा आमच्या गाडीत!" तू म्हणालास, "बरं, या." बाबा शौचालयाकडे गेले. भोंगा वाजला. तुझी गाडी पुढे, आमची मागे, दोन्ही चढल्या. तुला वाटलं, पुढच्या सीटच्या सवयीने ते आमच्यात बसले. पलीकडे पोचल्यावर दीड तास घाट चढून गेलो, तेव्हा कुठे तुझ्या पोराने आमच्या गाडीचं दार उघडून विचारलं, "आजोबा कुठेत?"

परत पोचायला संध्याकाळ झाली. बोट तीन तासांनी एकदा. बाबा बाकावर ताठ बसले होते, ओठ फुटलेले. पाण्याची बाटली आमच्या गाडीत होती. तिकीटवाल्याने दिलेलं पाणी त्यांनी घेतलं नव्हतं, "माझी माणसं येताहेत" म्हणून. आपल्याला बघून हसले आणि उठता उठता कोसळले. मग ते आठ दिवस हॉस्पिटल, निकामी झालेली मूत्रपिंडं, नळ्या. तू विमानतळावर त्यांचे पाय धरलेस, माझं लक्ष नव्हतं बाबा, म्हणत. आणि ते सगळ्यांना सांगत होते की मीच बाकावर डुलकी काढली, पोरांचा काय दोष.

त्यांनी डुलकी काढली नव्हती.

गाडी बोटीच्या फळीवर चढत होती तेव्हा मी बाजूच्या आरशात बघितलं. बाबा शेडमधून बाहेर आले होते आणि त्यांनी दोन्ही हात सरळ वर केले होते. क्रेनवाल्याच्या घरात वाढलेल्याला त्याचा अर्थ सांगावा लागतो का? काम बंद, जागेवर थांब. बाकीच्या खुणा फक्त नेमलेल्या माणसाच्या मानायच्या, पण दोन हात वर दिसले की ते कुणाचे हे बघायचं नाही, हमालाचे असोत की वाटसरूचे, थांबायचंच. लहानपणी त्यांनी हात वर केले की आपण तोंडात घास तसाच ठेवून थिजायचो. मी ते हात बघितले, दादा. पुरते बघितले. यांनी विचारलं, "बाबा बसले ना तिकडे?" मी म्हटलं, "बसले."

मारायचं नव्हतं मला त्यांना. मनात आलं ते एवढंच की आज बाबा तुझ्या गाडीत आहेत, तर तूच शोध, तूच उतर, एकदा तुझीही धावपळ होऊ दे. वाटलं, बोट सुटायच्या आत तुला कळेल. बोट सुटली. मग वाटलं, पलीकडे कळेल. तेव्हा बोलले असते तर मी बघितलं होतं हेही सांगावं लागलं असतं. पहिल्या मिनिटाला जीभ उचलली नाही, आणि मग प्रत्येक वळणाला ती जड होत गेली. घाटात मी मागे बसलेल्या माझ्या पोरांसाठी संत्री सोलत होते.

बाबांना माहीत आहे. आरशात आमची नजरानजर झाली होती. तेव्हापासून ते मला कशालाच नाही म्हणत नाहीत. चहा छान, भात छान, कवळी छान. परवा कवळी काढली तर हिरडीभर जखमा. सुकलेल्या तोंडात ती हलतेय, टोचतेय, आणि हा माणूस आठवडाभर माझ्यासमोर हसून जेवतोय. परक्याच्या घरी पाहुणा राहतो तसे राहतात रे. मी पाया पडले, रडले, म्हटलं शिव्या तरी द्या. म्हणाले, "असू दे. दादाला सांगू नकोस, तुमचं तुटेल." माफ केलं की नाही, तेही कळू देत नाहीत.

डॉक्टरांनी काल बाजूला घेऊन सांगितलं. आता नळ्या नकोत, घरीच असू द्या, पंधरा दिवस, फार तर महिना. म्हणून हे लिहितेय, बाबांचा शब्द मोडून. तू केलं नाहीस, दादा. तू नुसता विसरलास, आणि तेही मी विसरू दिलं म्हणून. मला माफ करू नकोस, माझ्याशी बोलूही नकोस, पण फोन कर. कालपासून ते झोपेतच असतात, ऐकू कितपत येतं देव जाणे, ओळखतील असंही खात्रीने सांगवत नाही. रविवारी सकाळी त्यांची दाढी करून फोन उशीवर ठेवीन आणि मी खोलीच्या बाहेर जाईन.

तुझीच, अजून म्हणू देशील तर,
भुणभुण