कोपऱ्यातली नळी

अण्णा,

आयुष्यात एकदाच मी तुमच्यावर चारचौघांत आवाज चढवला आणि नेमकी त्याच दिवशी मी चुकले होते. तुम्हाला ते तेव्हाच कळलं होतं. मला कळायला चार महिने लागले, आणि कबूल करायला हा एवढा काळ. तुम्हाला जाऊन आता बारा वर्षं होतील. मी आठ दिवसांची रजा काढून कळंबला आलेय आणि दुकानामागच्या आपल्या स्वयंपाकघरात बसून हे लिहितेय. दुकान बंदच असतं, तुमचा धाकटा लेक त्यात गाडीचे टायर ठेवतो. चैत्र लागलाय. सकाळी नऊ वाजताच वरचा पत्रा तापून तडतडायला लागतो. लहानपणी मी त्या आवाजात खुशाल अभ्यास करायची. यंदा तो ऐकला की मी हातातलं काम सोडून वर बघत बसते.

तो दिवस तुम्हाला आठवत असेलच. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते, सुट्टीला आले होते, आणि अंगात नवं नवं शहाणपण होतं. ईट गावचा एक जीपवाला गळका रेडिएटर घेऊन आला. तुम्ही कोपऱ्यातल्या नळीच्या मुळाशी कथील वितळवून डाख लावला, पाण्याच्या टाकीत बुडवून बुडबुडे येतात का पाहिलं, आणि मग करवत काढून दोन्ही बाजूंच्या पट्ट्या मधोमध कापायला घेतल्या. रेडिएटर म्हणजे वर एक टाकी, खाली एक टाकी, मधे नळ्यांची जाळी, आणि जाळीला दोन्हीकडून धरून ठेवणाऱ्या त्या दोन पट्ट्या. तुम्ही प्रत्येक रेडिएटरच्या पट्ट्या कापायचात. गिऱ्हाईक परत यावं म्हणून अण्णा मुद्दाम काम कच्चं ठेवतात, असा संशय माझ्या मनात कधीचा होता. लाज वाटायची मला. त्या दिवशी राहवलं नाही. "अण्णा, ती पट्टी मजबुतीसाठी असते. आमच्या पुस्तकात आहे. कापू नका," मी मोठ्यानं म्हणाले. जीपवाला तुमच्याकडं बघायला लागला. "मिस्त्री, पोरगी शिकायलीय, तिचं ऐका की," तो म्हणाला. तुमची करवत थांबली. तुम्ही माझ्याकडं पाहिलंत, आणि अण्णा, त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. तिथं कौतुक होतं. "तू म्हणतीस तर न्हाय कापत," असं म्हणून तुम्ही करवत खिळ्याला अडकवलीत.

चार महिन्यांनी तोच माणूस आला तेव्हा त्याचा उजवा हात कोपरापर्यंत गुंडाळलेला होता आणि मानेवरची कातडी गुलाबी झाली होती. मी पुन्हा सुट्टीला आले होते आणि इथंच, या चुलीपुढं भाकरी थापत होते. मधलं दार उघडं होतं. घाटात गाडी तापली, त्यानं बॉनेट वर केलं, आणि वाकून बघत असताना कोपऱ्यातली नळी मुळापासून फाटली, असं तो सांगत होता. "मिस्त्री, डाख तर तुमीच लावला हुता. मग असं कसं झालं वो?" तो भांडत नव्हता, खरंच विचारत होता. मग तुमचा आवाज आला, "चूक माझ्याच हातनं झाली. तुमी बसा." माझी भाकरी तव्यावर करपली. मी बाहेर यायला हवं होतं. दोन पावलांवर होतं दार.

तो गेल्यावर तुम्ही आत आलात, पाणी प्यालात आणि पाटावर टेकलात. मला वाटलं, आता फोडून काढतील. तुम्ही मात्र दोन्ही हातांची बोटं समोरासमोर धरून मला समजावून सांगायला लागलात. "नळीतनं उकळतं पाणी जातंय, नळी तापती, लांब हुती. पट्टीत पाणी न्हाय, ती गारच ऱ्हाती. नळ्या टाक्यास्नी ढकलायल्यात अन् पट्टी सोडंना. मंग मरण कुणाचं? पट्टीच्या शेजारी जी नळी हाय तिचं. म्हणून पट्टी कापायची, माय. तिला सुटं केलं की सगळ्यास्नी हलायला जागा मिळती." आणि उठता उठता तेवढंच बोललात, जे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही: "शिकलीस ते खोटं न्हाय. पर इचारून बोलत जा. माणूस भाजलंय."

पुढं मी रेडिएटरच बनवायला लागले, हा काही योगायोग नाही. पुण्याच्या कंपनीत पहिल्या दिवशी कारखाना दाखवला तेव्हा भट्टीतून निघालेल्या ॲल्युमिनियमच्या जाळ्या एका यंत्राखाली जात होत्या आणि एक बारीक पातं दोन्ही पट्ट्यांना एकेक चीर देत होतं. मी तिथंच उभी राहिले. सोबतचा साहेब म्हणाला, हे ताण कमी करायला करतात. मला माहीत आहे, मी म्हणाले, आणि बाथरूममध्ये जाऊन रडून आले. तुम्हाला फोन करून सांगेन म्हणत राहिले. सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो जीपवालाही निघाला असता बोलण्यात.

आता खरं ते लिहिते. दोन वर्षांपूर्वी ती चीर द्यायचं बंद झालं. कापलेल्या पट्ट्या खराब रस्त्यावर थरथरतात, आवाज करतात, अशा तक्रारी होत्या. शिवाय एक यंत्र आणि एक टप्पा वाचत होता. पट्टी थोडी बदलली आणि अख्खी ठेवली. तपासणी माझ्याकडं होती. गरम पाणी, गार पाणी, पुन्हा गरम, असे दिवसचे दिवस आम्ही रेडिएटर तापवले आणि निववले, आणि ते टिकले. टिकणारच होते. आमच्या तपासणीत सगळं कसं हळूहळू, शिस्तीत तापत होतं. आपल्याकडं गाडी कशी तापते आणि लोक तिला कसं गार करतात, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. मी बोलले नाही. वरची जागा रिकामी होणार होती आणि नाट लावणारी बाई म्हणून मला नाव नको होतं. सही केली. ती जागा मिळालीही.

धाकट्यानं गेल्या वर्षी सतरा सीटची गाडी घेतली. एरवी शाळेची पोरं नेतो, चैत्रात सोनारीच्या भैरवनाथाला माणसं नेतो. मी आले त्याच दिवशी त्यानं हौसेनं बॉनेट वर केलं. "अक्का, बघ की, तुझ्याच कंपनीचा रेडिएटर हाय!" मी वाकले. पट्टी अख्खी होती. खालच्या कोपऱ्यात, नळीच्या मुळाशी, आतलं पाणी झिरपून अंगठ्याएवढा पांढरट हिरवा डाग वाळला होता. तशाच कोपऱ्यात फाटलेले तीन रेडिएटर पुण्याला माझ्या टेबलाशेजारी पडलेत, त्यांच्यावर मलाच अहवाल द्यायचा आहे. "काय गं, गप का झालीस?" तो म्हणाला. नवीन मॉडेल आलंय, हा काढून टाक, मी मागवून देते, असं मी तोंडावर हसू आणून सांगितलं. जुन्या मालातला, चीर दिलेला रेडिएटर पुण्याहून आला आणि परवा बसवला. "ह्यात काय खोट हुती व्हय?" त्यानं पुन्हा विचारलं. मी न्हाय म्हणाले. तो बिचारा खूश. सगळ्यांना सांगत सुटला, अक्का हाय म्हणून मला गाडीची काळजी न्हाय.

काल त्याच्याबरोबर सोनारीला गेले. देवळाबाहेरच्या मैदानात गाड्या लागतात, तुम्हाला माहीत आहे. दर्शनाला जायच्या आधी गाडीला आंघोळ घालायची, मग हळद-कुंकू लावून नारळ फोडायचा, ही तिथली रीतच. इंजिन तापून लाल झालेलं असतं आणि ड्रायव्हर बोअरच्या गार पाण्याच्या बादल्या समोरच्या जाळीवर भडाभडा ओततात. पट्टी तिथल्या तिथं आकसते, आतल्या नळ्यांत पाणी तसंच उकळत असतं. आमच्या तपासणीत बादली नव्हती. ओळीनं धाकट्याच्या गाडीसारख्याच गाड्या उभ्या होत्या, पाणी पडलं की चर्र आवाज करून वाफ उठत होती आणि पोरं टाळ्या वाजवत होती. एक ड्रायव्हर हाताला फडकं गुंडाळून झाकण उघडायला वाकला. त्याचं तोंड जाळीपासून वीतभर लांब होतं. "दादा, थांबा, लई गरम आहे!" मी ओरडले. तो हसला. "ताई, रोजचंच हाय हे." पाणी ओतून त्यानं झाकण लावलं, आणि काही झालं नाही. काल काही झालं नाही. मी त्याच्या गाडीखाली वाकून तो कोपरा बघू शकले असते, त्याला बाजूला घेऊन सगळं सांगू शकले असते. धाकट्यानं नारळ आणला, आम्ही आमच्या गाडीपुढं फोडला, प्रसाद वाटला आणि परत आलो. परतीच्या वाटेवर त्या गाड्या कधी आमच्या पुढं होत्या, कधी मागं. एकीच्या मागच्या काचेतून एक पोरगी मला हात करत होती. मीही केला.

अहवाल आज सकाळी इथूनच पाठवला. चालक तापलेल्या रेडिएटरवर गार पाणी ओततात, बिघाड चुकीच्या वापरामुळं झाला आहे, असं त्यात लिहिलंय. एकही वाक्य खोटं नाही. पट्टीचा आणि धाकट्याच्या गाडीचा उल्लेख त्यात नाही. हे पत्र कुठं पाठवायचा प्रश्नच नाही, आणि धाकट्याच्या हाती लागू नये म्हणून लिहून झाल्यावर जाळून टाकणार आहे. फक्त एक सांगायचं राहिलं. अहवाल गेल्यावर मला वाटलं होतं, आता अन्न गोड लागणार नाही. पण अण्णा, मी पोटभर जेवले, तुमच्या खोलीत आडवी झाले, आणि मला गाढ झोप लागली.