‘रन’ आणि मास्तरांचा घसा

१२ फेब्रुवारी २००९, गुरुवार
आजपासून इंग्रजी. सरकारनं फ्रेंच बंद केलं, यापुढे सगळी शाळा इंग्रजीत. ठीक आहे. इतकी वर्षं फ्रेंचमध्ये शिकवलेल्या माणसाला इंग्रजी ते काय? शाळेतली नवी बाई पेरुथ म्हणाली, सर, संध्याकाळी माझ्याकडे बसत जा, थोडं थोडं करू. युगांडात वाढलेली पोर, इंग्रजी फाडफाड बोलते. हसून नको म्हटलं. १७ मार्चला तपासणीचे साहेब माझा सहावीचा तास बघणार. धडा: एक शब्द, अनेक अर्थ. शब्द ‘रन’. म्हणजे शिकायचा फक्त एक शब्द! तास फसला तर सहावी पेरुथला आणि मला पहिली. आमचं गाव म्हणजे ही टेकडी, आणि या टेकडीवरचे दोन पाद्री माझ्या हाताखालून गेलेत. मी पहिलीला? हॅ!

१५ फेब्रुवारी, रविवार
रन म्हणजे पळणे. पाठ.
पहाटे शेजारच्या सिप्रियनची हाक आली. त्याच्या आईला ताप, डोलीतून दवाखान्यात न्यायची होती. डोलीला घरटी एकानं खांदा द्यायचा असा टेकडीचा नियम आहे. इंग्रजीच्या अभ्यासामुळे जाता आलं नाही. मग जरा डोळा लागला.

२४ फेब्रुवारी, मंगळवार
डिक्शनरी नीट उघडली. पळणे झालं की दुकान चालवणे. मग नाक वाहणे. मग निवडणुकीला उभं राहणे. मग कपड्याचा रंग जाणे. पान उलटलं तरी रनच. फ्रेंचमध्ये प्रत्येक कामाला वेगळा शब्द नेमलेला असतो. इथे एकट्यालाच राबवतात. डिक्शनरीतली अक्षरं फार बारीक आहेत. आधी चष्म्याचं बघायला हवं.

३ मार्च, मंगळवार
‘गुड मॉर्निंग’ म्हटलं आणि पुढचं वाक्य आठवेना. सगळा वर्ग माझ्या तोंडाकडे. खोकलो. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, मास्तरांचा घसा बसला. मी मान हलवली. तेवढंच केलं. खोटं एक अक्षर बोललो नाही. पेरुथनं तास घेतला.

५ मार्च, गुरुवार
घसा ही तात्पुरती सोय. मिळालेल्या वेळात रन पक्का करणार. शेजारी ऐकतात म्हणून घरीही बोलत नाही. बायको, दाफ्रोज, मध देते, आलं देते, दूध तापवून देते. मध फार चांगला आहे.

१० मार्च, मंगळवार
मुलांनी प्रार्थनेत माझ्या घशाचं नाव घेतलं. एका पोरीची आजी पोखरलेल्या भोपळ्यात दूध भरून तो डोक्यावर घेऊन चढ चढून आली. संध्याकाळी दाफ्रोज रताळी सोलताना रडत होती. म्हणाली, माझ्या बाबांचा आधी असाच आवाज गेला, मग ते गेले. सांगून टाकावं असं वाटलं. तोंड उघडलंसुद्धा. तर म्हणाली, नका हो बोलू, ताण पडेल. नाही बोललो. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग मध घेतला.

१६ मार्च, सोमवार
उद्या साहेब. पळणे, दुकान, नाक. पुढचं विसरलो. ताप आहे का बघितलं. नाही.

१७ मार्च, मंगळवार, पहाटे
अंगणात माणसं. डोली आणलीय! दाफ्रोजनं परस्पर सिप्रियनला गाठलं. तो म्हणतो, मास्तर, घाबरू नका, आम्ही कशाला आहोत? त्याच्या आईच्या वेळी मी गेलो नव्हतो, त्याचं नावही काढलं नाही. हातानं नको-नको करणार होतो. मग सुचलं, दवाखान्यात असलो तर तास नाही. देव आहे.

संध्याकाळी
लिहायची लाज वाटते.
शाळेवरून नेलं. मुलं कुंपणाशी रांगेत उभी. साहेबांची मोटारसायकल समोरून आली, आम्हाला पाहून कडेला थांबली. साहेबांनी टोपी काढली. मी हात किंचित उचलला. बरा उचलला असं तेव्हा वाटलं होतं.
ओढ्याच्या उतारावर पुढच्या माणसाचा पाय घसरला, डोली कलंडली, आणि मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, अरे सांभाळा, पाडाल मला!
पल्याडच्या टेकडीनं ते परत ऐकवलं.
कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सिप्रियननं डोली खाली ठेवायला लावली. विचारलं, मास्तर, पुढे जायचं का मागे? मागे म्हटलं. रिकाम्या डोलीमागून चालत आलो. दाफ्रोज डोक्यावर दुधाच्या भांड्याची टोपली घेऊन मागे चालत होती. साहेबांनी पेरुथचा तास बघितला.

२३ मार्च, सोमवार
पहिलीचा वर्ग. बाक इतके बुटके की गुडघे हनुवटीला लागतात. पेरुथनं परत विचारलं, सर, येताय ना? गेलो. रनपासूनच सुरू केलं. नाकाचा अर्थ आता विसरणार नाही, पहिलीत तो रोज समोर बसलेला असतो. दुकानाचा अजून नीट बसत नाही.
दाफ्रोज जेवण वाढते. बोलत नाही.

२९ मार्च, रविवार
पहाटे हाक आली. वरच्या अंगाची एक बाई अडलेली. पहिल्या हाकेला गेलो, खांदा द्यायला वाकलो. सिप्रियन म्हणाला, खांदे आहेत, मास्तर. तुमचा आवाज पल्याडपर्यंत पोचतो, तुम्ही पुढे ओरडत चला, वाट मोकळी करा. सगळी टेकडी बाजूला व्हा, बाजूला व्हा करत उतरलो. लोक आधी माझ्याकडे बघायचे, मग बाजूला व्हायचे. मुलगी झाली, दोघी सुखरूप.
घरी आलो तर घसा बसलेला. खरोखर. हवा नुसती. दाफ्रोज शेंगा सोलत होती. मानेवर हात ठेवून खुणेनं मध मागितला.
माझ्या डोलीच्या दिवसापासून ती पहिल्यांदाच बोलली. मान वर न करता म्हणाली, बोलून मागा.