पाठीवरचा वाकडा डाग

पाली

कारभारी,

पाठीचं दुखणं थांबंना, म्हून आशाताईसंगं एसटीनं पुण्याला गेले. तिथं निस्तं दुखण्यावरच औषिद देणारा डॉक्टर असतो, हे म्या पयल्यांदाच ऐकलं.

दुखणं उतरावं म्हून तापल्या इळ्यानं दिलेले डाग त्येनं एकेक करून मोजले. मग म्हनला, "मावशी, आता डाग बंद. गोळ्या देतो. पुढच्या वेळी डाग देणाऱ्यांना घेऊन या, मला त्यांच्याशी बोलायचंय."

"मालक गुरं घेऊन गडाकडं गेल्यात," म्या म्हनलं, "सांजंला येतील."

आशाताई खाली बघत ऱ्हायली.

"बाकीचे सरळ आहेत. हा एकच वाकडा कसा?" डॉक्टरनं इचारलं.

"हात हलला आसंल त्येंचा."

हे पत्र काय म्या टपालात टाकायची न्हाई. तिकडं त्या बाईच्या हाती लागलं तर तुमच्या ताटात उगं खडा नको. पर तुमच्यावर आळ घेतला, त्ये मनाला लागलंय. तुमी दिलेले समदे डाग सरळच हायेत. वाकडा माझा हाय. तुमी तिच्याकडं ऱ्हायला गेल्यावर म्याच दिला. आपल्या पाठीवर आपला हात पुरत न्हाई.

तुमची म्हनू का नको,
सोजरा