उमाजींचा सी पॉझिटिव्ह

अहेरी

आदरणीय देवराव मामाजींना भाची रंजीताचा सविनय जयभीम.

तुमची आणि मामींची तब्येत ठीक असेल असं धरून चालते. माझीही ठीक आहे, फक्त डोकं ठिकाणावर नाही, आणि त्याला कारण तुम्ही आहात. (रागावू नका, आधी पूर्ण वाचा.) मी रक्त तपासायची लॅब उघडली तेव्हा तुम्ही चंद्रपूरहून तुमचा जुना कॉम्प्युटर, करकर करणारा प्रिंटर आणि दोघांना जोडणारी ती जाडजूड केबल पाठवली. म्हणालात, "पोरी, हे मरत नसते." मेलं असतं तर परवडलं असतं. ते खोटं बोलायला लागलं.

झालं असं की, इथे तलावात मासे धरणारे उमाजी म्हणून आहेत. त्यांची सून जया बाळंतपणासाठी दवाखान्यात भरती झाली. अंगात रक्त कमी, म्हणून डॉक्टरीणबाईंनी घरच्यांचे रक्तगट तपासून आणायला सांगितले. उमाजींचा मी तपासला, बी पॉझिटिव्ह आला. तसा कॉम्प्युटरात टाकला आणि दुसऱ्या पेशंटच्या घरी रक्त घ्यायला गेले. मागे माझे मिस्टर अंकुश यांनी रिपोर्ट छापला आणि न वाचता उमाजींच्या हाती दिला. (तोही माझ्या सहीशिवाय. त्यानंतर मी अंकुशशी जेवणापुरतंच बोलते.) त्यावर B+ ऐवजी C+ छापलं होतं, म्हणजे सी पॉझिटिव्ह. डॉक्टरीणबाईंनी फोनवर मला विचारलं, हा नवीन गट अहेरीत कधी सापडला? इकडे उमाजी परत येऊन बाकावर बसलेले, चेहरा उतरलेला.

"बाई, मले खरं सांगा. असा गट मानसात नसते म्हन्ते. मंग माह्या अंगात काय हाय?" आणि मग हळूच म्हणाले, "जयाले आता कोनाचं रक्त देऊ?"

मामाजी, मी लगेच त्यांच्या बोटातून रक्ताचा नवा थेंब घेतला. त्यांच्यासमोर पुन्हा तपासलं, बी पॉझिटिव्हच. रिपोर्ट हाताने लिहिला, सही केली आणि माझ्याच गाडीवर बसवून त्यांना दवाखान्यात नेलं. जयाला रक्त मिळालं. मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत.

मग मी तुम्हाला फोन केला, ही चूक झाली. मी विचारलं काय बिघडलं, तुम्ही म्हणालात आधी पॅरलल बस समजून घे. (मला बस म्हणजे एसटीच माहीत.) प्रत्येक अक्षराचे आठ तुकडे, आठ तारांतून सगळे एकाच वेळी निघतात, आणि आणखी एक तार प्रिंटरला सांगते की आता घे. एक तार तुटली तर प्रिंटर तिथला तुकडा आहेच असं धरतो, बीमध्ये तो नसतो म्हणून बीचा सी होतो, एमध्ये तो मुळातच असतो म्हणून ए मात्र ए राहतो. हे सगळं कळलं, पण तोवर माझी वांग्याची भाजी करपली. मग तुम्ही सगळी एबीसीडी छापायला लावलीत. बी आणि सी दोन्ही सी, डी आणि ई दोन्ही ई. तुम्ही फोनवर इतके खूश झालात, जणू तुम्हालाच नात झाली. शेवटी केबल काढून पाहिली तर एक पिन वाकून आडवी झालेली, म्हणजे तिची तार जोडलीच जात नव्हती. चिमट्याने सरळ केली, संपलं. "पिन पाहा" एवढंच आधी सांगता आलं नसतं का? हा कॉम्प्युटर मी भंगारवाल्याला देणार, हे कळवण्यासाठी हे पत्र.

तुमची भाची,
रंजीता

ता. क. भंगाराचं रागात लिहिलं. ती पिन पुन्हा वाकली आहे. येताना तशीच दुसरी केबल आणा.

ता. क. येताना म्हणजे रविवारी, जयाच्या मुलीचं बारसं आहे. उमाजींनी "त्या मशीनवाल्या भाऊले", म्हणजे तुम्हाला, खास बोलावलं आहे. त्या दिवशी जयाचाही रिपोर्ट छापला होता, त्यावर इंग्रजीत जयाऐवजी काया आलं. मुलीचं नाव तेच ठेवताहेत. मी त्यांना आठ तुकडे, आठ तारा, सगळं समजावलं. ते ऐकून उमाजी म्हणाले, "तार तुटली असन बाई, पन नाव चांगलं हाय."